कन्सोल घ्यायचा की ‘क्लाउड’वर खेळू द्यायचे? मुलांच्या हट्टामागचे तंत्र आणि घरखर्चाचा हिशोब

पालकसभेला आलेले अब्बू-अम्मी हल्ली मार्कांबद्दल बोलून झाले की हळूच दुसरा प्रश्न काढतात. मुलगा प्लेस्टेशन मागतोय, घ्यावा का? काहींचे याच्या उलट असते. मुलगा म्हणतो, यंत्र घ्यायची गरजच नाही, महिन्याला थोडे पैसे भरा, सगळे गेम आपल्या टीव्हीवरच चालतील. पालकांना वाटते, पोरगा आपल्याला बनवतोय. पन्नास हजारांच्या यंत्रावर चालणारा गेम यंत्राशिवाय कसा चालेल?

पोरगा बनवत नाही. तो सांगतो ते खरे आहे, पण अर्धे. उरलेले अर्धे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते, आणि पैसे आपल्या खिशातून जायचे असल्यामुळे ते आपल्याला ठाऊक असलेले बरे.

आधी साधी गोष्ट. कन्सोल म्हणजे गेम खेळण्यासाठीच बनवलेला कॉम्प्युटर. सोनीचा प्लेस्टेशन आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ही त्यातली दोन मोठी नावे. टीव्हीला जोडायचा, हातात कंट्रोलर घ्यायचा आणि खेळायचे. गेमचे सगळे गणित घरातल्या त्या डब्यात होते. खेळाडू कुठे पळाला, बॉल कुठे गेला, सावली कुठे पडली, हे तो डबा सेकंदाला ६० वेळा नव्याने मोजतो आणि तितकी चित्रे टीव्हीवर पाठवतो. म्हणून तो महाग असतो, आणि म्हणूनच गरमही होतो.

क्लाउड गेमिंगमध्ये हा डबा आपल्या घरात नसतो, कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये असतो. मायक्रोसॉफ्टने तर तिथे एक्सबॉक्सचेच भाग काढून रॅकमध्ये ओळीने बसवले आहेत. २०२१ मध्ये त्यांनी ते बदलून सिरीज एक्स या नव्या मॉडेलचे केले. आपला मुलगा घरी बटण दाबतो, ते दाबणे इंटरनेटवरून तिकडे पोहोचते, तिथला डबा गणित करतो, चित्र तयार करतो आणि ते व्हिडिओच्या रूपात परत पाठवतो. आपल्या टीव्हीला किंवा मोबाइलला फक्त व्हिडिओ दाखवायचा असतो. त्यामुळे साधा स्मार्ट टीव्ही, जुना लॅपटॉप, इतकेच काय फोनही चालतो. सॅमसंगच्या काही टीव्हींमध्ये २०२२ पासून एक्सबॉक्सचे ॲप आहे. एक कंट्रोलर विकत घेतला की झाले.

इथे पालक म्हणतात, मग हे यूट्यूबसारखेच की! आमच्याकडे यूट्यूब छान चालते.

हीच गफलत आहे, आणि तिच्यावर जरा थांबायला हवे. यूट्यूबवर आपण एखादे बयान किंवा क्रिकेटची क्लिप बघतो तेव्हा पुढचा अर्धा-एक मिनिटाचा व्हिडिओ आधीच आपल्या फोनमध्ये उतरलेला असतो. स्क्रीनवर राखाडी पट्टी पुढे पळताना दिसते ती हीच. मध्ये नेट दोन सेकंद गेले तरी आपल्याला पत्ता लागत नाही, साठवलेले चालू राहते. क्लाउड गेममध्ये असे काही साठवता येत नाही. पुढचे चित्र काय असेल ते मुलगा कोणते बटण दाबतो यावर ठरणार, आणि त्याने ते अजून दाबलेलेच नाही! त्यामुळे प्रत्येक चित्र ताजे बनवून ताजेच पाठवावे लागते. नेट अर्धा सेकंद अडखळले तर खेळही अर्धा सेकंद अडखळतो. समोरच्याने गोल मारलेला असतो आणि आपला गोलकीपर अजून उभाच.

म्हणून क्लाउडसाठी ‘स्पीड किती’ एवढे विचारून भागत नाही, ‘उशीर किती’ हेही विचारावे लागते. या उशिराला तांत्रिक भाषेत लेटन्सी म्हणतात, मुले ‘पिंग’ म्हणतात. फायबरच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका मिलिसेकंदात, सेकंदाच्या हजाराव्या भागात, २०० किलोमीटर. मुंबईहून सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. बटणाचा निरोप जाऊन चित्र परत यायचे तर ७,८०० किलोमीटर झाले, म्हणजे कमीत कमी ३९ मिलिसेकंद. तारा सरळ रेषेत जात नाहीत, वाटेत ठिकठिकाणी राउटर असतात, तिकडे चित्र बनवायला आणि इकडे उलगडायलाही वेळ लागतो. एकूण उशीर १०० मिलिसेकंदांवर गेला, तर सेकंदाला ६० चित्रे धरून मुलगा सहा चित्रे मागे खेळत असतो. बुद्धिबळासारख्या खेळात हे कळणारही नाही. क्रिकेट, फुटबॉल किंवा मारामारीच्या गेममध्ये मात्र बॅट फिरते तेव्हा बॉल स्टंपात गेलेला असतो.

डेटा सेंटर जवळ असेल तर हा अंतराचा भाग जवळजवळ संपतो. मायक्रोसॉफ्टची क्लाउड केंद्रे पुणे, मुंबई आणि चेन्नई या भागांत २०१५ पासून आहेत. एक्सबॉक्सची क्लाउड सेवा मात्र भारतात अधिकृतपणे नोव्हेंबर २०२५ मध्ये आली. अमेरिकेत ती सप्टेंबर २०२० मध्येच सुरू झाली होती. मधल्या पाच वर्षांत आपल्याकडची काही मुले परदेशी खाती काढून, व्हीपीएन लावून खेळत होती आणि ‘क्लाउड बेकार आहे’ असे सांगत होती. ते बेकार वाटण्याचे एक कारण हे अंतर होते.

सोनीकडे पाहिले तर चित्र वेगळे आहे. प्लेस्टेशनच्या सभासदत्वाची जून २०२२ मध्ये नवी रचना झाली. अमेरिका-युरोपात सगळ्यात वरच्या श्रेणीचे नाव ‘प्रीमियम’ आहे आणि तिच्यात क्लाउडवर खेळता येते. भारतात त्या जागी ‘डिलक्स’ ही श्रेणी आली, त्यात क्लाउड नव्हते. परदेशी यूट्यूबरचा व्हिडिओ बघून मुलगा प्लेस्टेशनवर क्लाउड मागत असेल तर आधी हा फरक त्याला दाखवा. सोनीची ‘रिमोट प्ले’ नावाची सोय भारतात चालते, पण ती निराळी वस्तू आहे. तिच्यात आपल्याच घरातला कन्सोल चालू असतो आणि त्याचे चित्र आपण दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या गावात फोनवर बघतो. त्यासाठी कन्सोल लागतोच.

आता घरातले इंटरनेट. एक्सबॉक्सच्या सेवेला मोबाइलवर साधारण १० एमबीपीएस आणि मोठ्या पडद्यावर २० एमबीपीएस वेग सांगितला जातो. हिशोब करून बघा. १० एमबीपीएस म्हणजे तासाला साडेचार जीबी. रोज दीड जीबीचा रिचार्ज असेल तर वीस मिनिटांत डेटा खलास. मोबाइल डेटावर क्लाउड गेमिंग हा विषय तिथेच संपतो. टीव्हीवर २० एमबीपीएसने खेळले तर तासाला ९ जीबी. रोज दोन तास धरले तर महिन्याला ५४० जीबी. घरात फायबर ब्रॉडबँड असेल तर हे पेलते, कारण बऱ्याच प्लॅनमध्ये महिन्याची मर्यादा ३,३०० जीबीपर्यंत असते. पण आपल्या प्लॅनची मर्यादा बिलावर एकदा वाचून घ्या.

वेग भरपूर असूनही गेम अडखळत असेल तर दोष बहुतेक वेळा वायफायचा असतो. राउटर दिवाणखान्यात, मुलगा मागच्या खोलीत, मधे दोन भिंती. आमच्या कोकणातल्या जुन्या घरांत तर जांभा दगडाच्या हातभर जाड भिंती आहेत, त्यांतून वायफाय कसले जाते! राउटरमध्ये दोन पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. खेळायला ५ चा पट्टा चांगला, पण तो भिंतींना लवकर हरतो. त्यामुळे राउटरच्याच खोलीत बसणे किंवा दोनशे-तीनशे रुपयांची लॅन केबल थेट टीव्हीला जोडणे हा सगळ्यात स्वस्त इलाज. आणखी एक. एका भावाचा गेम चालू असताना त्याच वायफायवर बहिणीचा ऑनलाइन क्लास अडकत असेल तर कोणी थांबायचे, हे घरात आधीच ठरलेले असावे. आम्ही पाहतो, बहुतेक घरांत बहीण थांबते.

पैशांकडे येऊ.

एक्सबॉक्स सिरीज एक्स भारतात नोव्हेंबर २०२० मध्ये ४९,९९० रुपयांना आला. प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच किमतीला, ४९,९९० ला. पुढे दोन्हींच्या किमती वाढल्या. त्यावर गेमचा खर्च वेगळा. सोनीच्या मोठ्या गेमची नवी किंमत ४,९९९ रुपयांपर्यंत गेली आहे. वर्षाला तीन गेम म्हटले तरी पंधरा हजार.

क्लाउडचा हिशोब वरून स्वस्त दिसतो. मायक्रोसॉफ्टचे ‘गेम पास’ सभासदत्व घेतले की शेकडो गेम खुले होतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने त्याच्या तीन श्रेणी केल्या आणि तिन्हींत क्लाउड दिले. भारतातले दर महिन्याला ४९९, ६९९ आणि १,३८९ रुपये असे ठरले. यातली सगळ्यात वरची श्रेणी त्याआधी ८२९ रुपयांना मिळत होती. एका झटक्यात ५६० रुपये वाढले! गेमही श्रेणीप्रमाणे कमी-जास्त मिळतात आणि अगदी ताजे मोठे गेम वरच्या श्रेणीत असतात, म्हणून मुले त्याच श्रेणीसाठी भांडतात. १,३८९ गुणिले १२ म्हणजे वर्षाला १६,६६८ रुपये. तीन वर्षांचे ५०,००४. म्हणजे सिरीज एक्स आला तेव्हाची त्याची पूर्ण किंमत तीन वर्षांत देऊन झाली आणि चौथ्या वर्षी पैसे भरले नाहीत तर हातात काही नाही. भाड्याच्या घराचे गणित आपल्या लोकांना समजावून सांगायला नको.

भाड्यालाही फायदे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. मुलाची आवड दोन महिन्यांत ओसरली तर हजार रुपयांत सुटका होते, पन्नास हजारांचा डबा धूळ खात पडत नाही. दहावीच्या वर्षी सभासदत्व बंद ठेवता येते. जुना एक्सबॉक्स वन घरात असेल तर त्याच्यावरही क्लाउडने नवे गेम चालतात. विमान उडवायचा ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ हा जबरदस्त गेम जुन्या यंत्राला झेपणारा नव्हता, तो मार्च २०२२ मध्ये क्लाउडमार्फत त्याच जुन्या यंत्रावर आला. शंभर जीबीच्या वर डाउनलोड करायचे, डिस्क भरली म्हणून जुने काहीतरी पुसायचे, या कटकटीही क्लाउडमध्ये नाहीत.

पण भाड्याच्या वस्तूचे काय होऊ शकते त्याचे ठळक उदाहरण गूगलने दिले. ‘स्टेडिया’ ही त्यांची क्लाउड गेमिंग सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. भारतात ती आलीच नाही. गूगलएवढी मोठी कंपनी, जगभर डेटा सेंटर, पैशाला तोटा नाही. लोकांनी भरवशाने स्टेडियावर गेम विकत घेतले, हो, सभासदत्वाशिवाय एकेक गेम पूर्ण किंमत देऊन विकत घेतले. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने स्वतःचे गेम बनवणारे स्टुडिओ बंद करायची घोषणा केली. सप्टेंबर २०२२ मध्ये सेवाच बंद करत असल्याचे जाहीर झाले आणि १८ जानेवारी २०२३ ला दिवे मालवले. गूगलने गेमचे आणि आपल्या दुकानातून विकलेल्या कंट्रोलरचे पैसे परत केले, ही त्यांची मेहेरबानी म्हणा की बदनामीची भीती म्हणा. प्रत्येक कंपनी तसे करीलच असे नाही. याआधी ‘ऑनलाइव्ह’ नावाची अमेरिकी सेवा २०१० मध्ये सुरू होऊन एप्रिल २०१५ मध्ये बंद पडली होती. ‘विकत घेतलेला’ गेम दुसऱ्याच्या कपाटात असेल तर कपाटाची किल्ली त्याच्याकडेच राहते.

डिस्कचे तसे नाही. डिस्क मित्राला देता येते, त्याची आपण आणू शकतो, कंटाळा आल्यावर विकता येते. मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात जुने इलेक्ट्रॉनिक सामान घेण्या-विकण्याची सवय पिढ्यान्पिढ्यांची आहे. मात्र कन्सोल घेताना बघून घ्या, प्लेस्टेशनची ‘डिजिटल एडिशन’ आणि एक्सबॉक्सचे स्वस्त ‘सिरीज एस’ मॉडेल यांना डिस्क घालायची फटच नसते. दहा-पंधरा हजार वाचतात, पण मग प्रत्येक गेम कंपनीच्या ऑनलाइन दुकानातूनच, ते सांगतील त्या किमतीला. आमच्या मते ज्या घरात चुलत-मावस भावंडे मिळून खेळतात तिथे डिस्कवालाच घ्यावा.

पैसे कापले जाण्याबद्दल थोडे. सभासदत्व घेताना कार्ड किंवा यूपीआयला ‘ऑटोपे’ लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशा व्यवहाराला पहिल्यांदा आपली मंजुरी लागते, नंतर १५,००० रुपयांपर्यंत दरवेळी ओटीपी विचारला जात नाही. पैसे कापण्याच्या २४ तास आधी मेसेज येतो. हा मेसेज कोण वाचते? घरातल्या बहुतेक मेसेजसारखा तोही न वाचता राहतो आणि महिना-महिना पैसे जात राहतात. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचा वेगळा विभाग असतो, तिथे जाऊन आपण मंजुरी रद्द करू शकतो. मुलाला पिन सांगू नका, ‘एकदाच’ म्हणूनही नाही.

आता त्या विषयाकडे येतो जो आपल्या घरांत सगळ्यात जास्त विचारला जातो: यात जुगार आहे का? सगळे गेम एका पारड्यात टाकू नयेत. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड ठेवला. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे ऑनलाइन खेळ त्या बंदीत नाहीत. कन्सोलवरचे किंवा गेम पासमधले साधे गेम या दुसऱ्या गटात मोडतात.

तरी मधे एक करडा पट्टा आहे. फुटबॉलच्या प्रसिद्ध गेममध्ये खेळाडूंची ‘पॅक’ विकत मिळतात. पैसे आधी द्यायचे, आत कोणता खेळाडू निघेल ते नशिबावर. मेस्सी निघाला तर उड्या, नाहीतर आणखी एक पॅक. याला लूट बॉक्स म्हणतात. बेल्जियमच्या जुगार नियामकाने एप्रिल २०१८ मध्ये असे काही लूट बॉक्स जुगाराच्या कायद्यात बसतात असे ठरवले, आणि फिफा बनवणाऱ्या ईए कंपनीने जानेवारी २०१९ पासून त्या देशात पॅकसाठीचे पॉइंट पैशांत विकणे थांबवले. मसला आलिमांना विचारावा, तो आमचा प्रांत नाही. पण ईदी जमवून पॅक उघडणारी मुले आम्ही वर्गात पाहिली आहेत आणि त्यांच्या तोंडून ‘या वेळी नक्की निघणार’ हे वाक्यही ऐकले आहे. कन्सोल असो वा क्लाउड, खात्याच्या सेटिंगमध्ये मुलासाठी वेगळे ‘चाइल्ड अकाउंट’ काढून खर्चाला पालकांची परवानगी लावता येते. अनोळखी लोकांशी बोलणेही तिथूनच बंद करता येते. हे पहिल्याच दिवशी करून घ्या, नंतर मुलगा करू देत नाही.

वयाचा आकडाही बघायचा असतो. डिस्कच्या कव्हरवर किंवा गेमच्या पानावर युरोपच्या पेगी पद्धतीचे ३, ७, १२, १६, १८ हे आकडे असतात. मोठ्या मुलांच्या तोंडी सतत असलेला ‘जीटीए ५’ हा १८ चा आहे, ‘माइनक्राफ्ट’ ७ चा. आठवीतल्या मुलाने जीटीए मागितला तर कारण शोधत बसायला नको, कव्हर पुढे करायचे.

खेळाच्या वेळेबद्दल आम्ही शिक्षक म्हणून पहिल्या तासालाच अंदाज बांधतो. डोळे सांगतात. रमजानमध्ये तरावीहनंतर सेहरीपर्यंत खेळत बसलेली मुले सकाळी बाकावर मान टाकतात आणि रोजा लागला असे सांगतात. कन्सोल होता तेव्हा अम्मी वायर काढून कपाटात ठेवत असे आणि विषय संपत असे. क्लाउडमध्ये गेम खात्याला बांधलेला असतो, टीव्ही बंद केला तर तोच गेम तिथूनच पुढे पांघरुणात फोनवर चालू होतो. त्यामुळे कुलूप खात्याला लावायचे, म्हणजे पासवर्ड मोठ्यांकडे. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ घातला आहे, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण रोज दोन तास खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला तो चिकटवू नये. खेळावर ताबा राहत नाही, शाळा-घर-झोप सगळे मागे पडते आणि नुकसान दिसत असूनही खेळ वाढतच जातो, हे साधारण बारा महिने चालले तर तो आजार धरतात. तशी लक्षणे दिसली तर डॉक्टरकडे न्यावे, मारू नये.

ज्यांचे अब्बू किंवा भाईजान आखाती देशात आहेत, त्यांच्यासाठी एक-दोन गोष्टी. दुबईहून आणलेल्या यंत्राचा प्लग तीन चौकोनी पिनांचा असतो, आपल्या भिंतीत बसत नाही, वेगळी वायर लागते. वॉरंटी भारतात चालेल का ते तिथल्या दुकानात बिल करतानाच विचारायचे. आणि तिकडून प्रेमाने पाठवलेले प्लेस्टेशनचे गिफ्ट कार्ड इथल्या खात्यात चालत नाही, कारण कार्ड ज्या देशाचे, त्याच देशाच्या खात्यात ते वटते. पैसे पाठवायला सांगा, कार्ड इथले घ्या.

क्लाउड घ्यायचेच ठरले तर वर्षाचे पैसे एकदम भरू नका. सगळ्यात स्वस्त श्रेणी एका महिन्यासाठी घ्या, कंट्रोलर कोणाचा तरी मागून आणा, आणि खेळून बघा रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान, जेव्हा पूर्ण मोहल्ला नेटवर असतो. दुपारी सुरळीत चाललेला गेम त्या वेळी अडखळतो की नाही, ते मुलगा स्वतःच सांगेल.